टांकसाळीपासून माहुलपर्यंत

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला धरून जाणारा पूर्व मुक्तमार्ग जून २०१३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याचे दक्षिणेकडील टोक फोर्ट भागातील टांकसाळीपासून फार दूर नाही, तर उत्तरेकडे तो चेंबूरच्या पांजरापोळेजवळून जातो. गोद्या, तेलाच्या टाक्या, मिठागरे आणि खारफुटी ओलांडून जाणाऱ्या या रस्त्याच्या उजव्या हाताला, खाडीच्या काठावर माहुल वसले आहे. सुमारे पंधरा किलोमीटरचा हा प्रवास मोटारीने अर्ध्या-पाऊण तासात संपतो. मात्र ज्या गोष्टीवर श्रावकाचा संसार, व्यापार आणि दानधर्म उभा असतो त्या 'चलन' नावाच्या वस्तूची कथा या एकाच वाटेवर आरंभापासून आजपर्यंत पाहावयास मिळते. चलन राजाज्ञेने चालते की लोकांच्या विश्वासाने, हा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर आला आहे. जगभरचे राजकीय पुढारी सरकारी इमारतींतून नव्या प्रकारच्या पैशाचा पुरस्कार करू लागले आहेत आणि त्याची झळ उद्या प्रत्येक कुटुंबाच्या तिजोरीपर्यंत, संघाच्या भांडारापर्यंत पोहोचणार आहे. म्हणून ही वाट एकदा डोळसपणे चालावयास हवी.

जेथे वचन छापले जाते

फोर्टमधील टांकसाळीची इमारत ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली. १८२४ ते १८२९ या वर्षांत कॅप्टन जॉन हॉकिन्स या लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली ती उभी राहिली. दर्शनी भागातील उंच खांब आजही तिचे वय सांगतात. येथे पाडलेल्या नाण्यांवर वर्षाच्या अंकाखाली चौकटीच्या आकाराची बारीक खूण असते. खिशातले एखादे नाणे उलटून पाहिले तर ही मुंबईची खूण सहज सापडते. भारत सरकारने २००१ मध्ये भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त पाच रुपयांचे नाणे काढले आणि २१ एप्रिल २०२४ रोजी २५५० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त शंभर रुपयांचे स्मृतिनाणे प्रकाशित केले. अपरिग्रहाचा उपदेश करणाऱ्या तीर्थंकरांचे नाव नाण्यावर यावे, यातील विरोधाभास अनेकांना जाणवला असेल. परंतु नाणे हे जसे संग्रहाचे साधन आहे तसेच ते परस्परविश्वासाचे चिन्हही आहे, याची ती आठवणच म्हटली पाहिजे.

टांकसाळीच्या शेजारीच भारतीय रिझर्व्ह बँकेची उत्तुंग इमारत आहे. १ एप्रिल १९३५ रोजी स्थापन झालेल्या या बँकेचे मध्यवर्ती कार्यालय १९३७ मध्ये कायमचे मुंबईस आले. तेव्हापासून देशाच्या चलनाचा कारभार याच परिसरातून चालतो. नोटेवर गव्हर्नरांच्या सहीने धारकाला दिलेले वचन छापलेले असते. नोटेच्या मागील बाजूस मराठीसह पंधरा भाषांत तिचे मूल्य लिहिलेले असते. कागदाला स्वतःची किंमत नाही, किंमत आहे ती त्या वचनाला. मुलाबाळांना घेऊन या भागात येणाऱ्यांनी सर फिरोजशहा मेहता मार्गावरील अमर बिल्डिंगमधील बँकेचे नाणेसंग्रहालय अवश्य पाहावे. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते २००४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. आहत नाण्यांपासून कागदी नोटांपर्यंतचा अडीच हजार वर्षांचा प्रवास तेथे मांडलेला आहे. त्या दालनांतून फिरताना एक गोष्ट मनावर ठसते. राजवटी बदलल्या, धातू बदलले, लिपी बदलल्या. मात्र ज्या नाण्यावरचा विश्वास उडाला ते बाजारातून उठून गेले, मग त्यावर कोणत्याही राजाचा छाप असो.

फळांच्या गाड्यावरचा डिजिटल रुपया

याच रिझर्व्ह बँकेच्या परिसरात १ डिसेंबर २०२२ रोजी चलनाचा एक नवा अध्याय सुरू झाला. त्या दिवशी बँकेने किरकोळ व्यवहारांसाठी डिजिटल रुपयाचा प्रायोगिक वापर आरंभिला. मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर ही चार शहरे आणि स्टेट बँक, आयसीआयसीआय, येस बँक व आयडीएफसी फर्स्ट या चार बँका पहिल्या टप्प्यात होत्या. बँकेच्या मुख्यालयाबाहेर फळे विकणारा एक साधा विक्रेता हा नवा रुपया स्वीकारणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक ठरला. जानेवारी २०२३ मध्ये बँकेच्या मंडळाच्या बैठकीनंतर उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्याच्याकडून डाळिंबे घेऊन डिजिटल रुपयात पैसे दिले आणि ती हकीकत देशभर पसरली.

येथे दोन भिन्न वस्तूंची गल्लत टाळली पाहिजे. डिजिटल रुपया हे रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे चलन आहे. नोटेवरील वचन तेच, मूल्य तेच, फक्त कागदाऐवजी ते मोबाईलमधील पाकिटात असते आणि नोटेप्रमाणेच त्यावर व्याज मिळत नाही. बिटकॉइनसारखी कूटचलने, म्हणजे क्रिप्टोकरन्सी, याहून सर्वस्वी वेगळी आहेत. त्यांच्यामागे कोणाचेही वचन नसते. घेणारा आणि देणारा जोवर मानतात तोवर त्यांचा भाव. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२२ रोजी अर्थसंकल्प मांडताना एकाच भाषणात डिजिटल रुपयाची घोषणा केली आणि कूटचलनांच्या नफ्यावर तीस टक्के करही जाहीर केला. पुढे १ जुलै २०२२ पासून अशा प्रत्येक हस्तांतरणावर एक टक्का मूळस्रोतातच कापला जाऊ लागला. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो रद्द केला. परिणामी कूटचलन बाळगणे हा भारतात गुन्हा नाही, मात्र ते कायदेशीर चलनही नाही. कोणत्याही दुकानदारावर ते स्वीकारण्याचे बंधन नाही.

परदेशांत मात्र पुढाऱ्यांनी थेट सरकारी इमारतींची दारे त्याला उघडून देण्याचे प्रयत्न केले. स्वित्झर्लंडमधील झूग नगरीच्या नगरपालिकेने २०१६ मध्ये दोनशे फ्रँकपर्यंतचे शुल्क बिटकॉइनमध्ये घेण्याचा प्रयोग केला. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कोषाध्यक्षांनी २०१८ च्या अखेरीस व्यापाऱ्यांचे कर बिटकॉइनमध्ये स्वीकारण्याची सोय गाजावाजा करून सुरू केली. वर्षभरात दहा व्यापाऱ्यांनीही तिचा लाभ घेतला नाही आणि नव्या कोषाध्यक्षांनी ती बंद केली. जानेवारी २०२३ मध्ये सिनेटर टेड क्रूझ यांनी अमेरिकन संसदेच्या कॅपिटॉल इमारतीत ठराव मांडला. तेथील उपाहारगृहे व खाद्यपदार्थांची यंत्रे चालविण्याचे कंत्राट कूटचलन स्वीकारणाऱ्यांनाच द्यावे, असे त्यात म्हटले होते. सर्वांत मोठे पाऊल एल साल्वाडोर या लहानशा देशाने टाकले. ७ सप्टेंबर २०२१ रोजी तेथे बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा मिळाला आणि नागरिकांना वापरास प्रवृत्त करण्यासाठी सरकारी पाकिटात तीस डॉलर भेट देण्यात आले. लोकांनी ते तीस डॉलर खर्च केले आणि बहुतेकांनी पाकीट बंद केले. अखेर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेताना जानेवारी २०२५ मध्ये त्या देशाला कायदा बदलून दुकानदारांवरील सक्ती काढून टाकावी लागली.

भारताच्या डिजिटल रुपयाची वाटचाल याहून सुरक्षित आहे, तरी तीही एक धडा देते. डिसेंबर २०२३ मध्ये एका दिवसात दहा लाख व्यवहारांचा टप्पा गाठला गेला, त्यामागे बँकांनी आपल्या कर्मचाऱ्यांचे काही भत्ते याच रूपात देण्याचा मोठा वाटा होता. तो जोर ओसरताच व्यवहारही उतरले. मार्च २०२५ अखेर सुमारे १,०१६ कोटींचा डिजिटल रुपया चलनात होता. त्याच वेळी कागदी नोटांचे मूल्य सुमारे ३७ लाख कोटी रुपये होते. या उलट एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटी व्यवहारांचा पल्ला ओलांडला. कारण उघड आहे. भाजीवाल्यापासून सराफापर्यंत प्रत्येकाला त्यात स्वतःची सोय दिसली. सोय दिसली की घोषणेची गरज उरत नाही.

हुंडी 'सकारणारे' पूर्वज

या सत्याची ओळख जैन व्यापारी समाजाला नवी नाही. टांकसाळीपासून झवेरी बाजार, मुंबादेवी, भुलेश्वर हा सारा परिसर शतकानुशतके हुंडीवर चालला. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीचे पैसे पतदार शहा माणसालाच द्यावयाचे असा दंडक असे. हुंडी हरवली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ लिहून देण्याची रीत होती. या शब्दसंपदेतील सर्वांत अर्थपूर्ण क्रियापद म्हणजे 'सकारणे'. हुंडी लिहिणारा कितीही मोठा असो, ज्याच्यावर ती लिहिली त्याने सकारल्याशिवाय तिला मोल नाही. सरकारने हुंडी चालविली नाही की तिचा प्रचार केला नाही. पेढीची पत आणि पेढीवाल्याचा शब्द एवढ्यावर ती सुरतेपासून कलकत्त्यापर्यंत सकारली जाई.

त्याच समाजाने पतीचा विध्वंसही पाहिला आहे. १८३१ मध्ये जन्मलेले, मूळ सुरतेचे जैन गृहस्थ प्रेमचंद रायचंद हे मुंबईच्या कापूसबाजाराचे अनभिषिक्त राजे होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून शेअरांचे वेड शहरभर पसरले. समुद्र हटवून जमीन करण्याच्या बॅक बे कंपनीच्या पाच हजार भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. वकील, कारकून, दुकानदार सारेच कागदावर श्रीमंत झाले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ च्या वायदेपूर्तीच्या दिवशी तो कागदी महाल जमीनदोस्त झाला. ज्या बँक ऑफ बॉम्बेत प्रेमचंदांचा शब्द प्रमाण मानला जाई ती बुडाली आणि तिच्या चौकशीसाठी आयोग बसला.

तरीही प्रेमचंदांचे नाव आज मुंबई आदराने घेते, ते राजाबाई टॉवरमुळे. विद्यापीठाचे ग्रंथालय आणि हा मनोरा यांसाठी त्यांनी १८६४ मध्ये, म्हणजे कोसळण्याच्या आधी, प्रत्येकी दोन लाख रुपये दिले होते. २८० फूट उंचीचा हा मनोरा नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि त्यास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घड्याळाच्या ठोक्यांवरून कळावी, ही त्यामागची भावना होती असे परंपरेने सांगितले जाते. तेजीच्या काळातील कागदी संपत्ती एका दिवसात नाहीशी झाली, पण वेळेवर हातावेगळे केलेले दान दीडशे वर्षांनंतरही ठोके देत आहे. आज कूटचलनाच्या चढत्या आलेखाकडे पाहून हरखणाऱ्या तरुणांना घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा या मनोऱ्याखाली आणून ही कथा सांगावी.

नाणेघाटाच्या पायथ्याशी

घोषणेने चलन बदलण्याचा महाराष्ट्रातील ठळक प्रयोग झाला तो मुंबईपासून थोडा दूर, ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर तीनच आठवड्यांनी, १ डिसेंबर रोजी, धसई हे राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार समारंभास उपस्थित होते. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाच्या पुढाकाराने आणि बँक ऑफ बडोदाच्या साहाय्याने दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे मिळाली. आसपासच्या आदिवासी पाड्यांची बाजारपेठ असलेल्या या गावाची छायाचित्रे सर्वत्र झळकली. वर्षभराने वार्ताहर पुन्हा तेथे गेले तेव्हा बरीचशी यंत्रे पडून होती आणि बाजार रोखीवरच चालला होता. यंत्राला जाळे मिळत नसे, गिऱ्हाईकाकडे कार्ड नसे आणि शुल्काचा भार दुकानदाराला परवडत नसे. हेतू वाईट नव्हता, परंतु ज्यांच्यासाठी हे सारे होते त्यांची गरज आणि अडचण शेवटी लक्षात घेतली गेली.

याच मुरबाड तालुक्यातून नाणेघाटाची वाट जुन्नरकडे चढते. सातवाहनकाळापासून कल्याण बंदरातील माल याच घाटाने देशावर जाई. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे आणि जकातीची नाणी त्यात टाकली जात असे लोक सांगतात. दोन हजार वर्षे जी वाट नाण्यांच्या नावाने ओळखली गेली, तिच्या पायथ्याशी नाणे हद्दपार करण्याचा समारंभ व्हावा आणि नाण्यानेच परत यावे, हा इतिहासाचा मार्मिक योग म्हणावा लागेल.

पांजरापोळेची लाग

पुन्हा मुक्तमार्गाकडे वळावे. त्याच्या उत्तरेकडील भागात 'पांजरापोळ' हे नाव लागते. दररोज हजारो वाहनचालक ते नाव वाचतात. त्यामागील जीवदयेची कथा मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईतील भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला. पारशी, जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांनी त्याचा तीव्र विरोध केला, शहरात दंगा झाला. या संघर्षातून १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. मुक्या जिवांच्या चाऱ्यापाण्याचा नित्य खर्च भागावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर आपणहून लाग बसविली. कापसाच्या खंडीमागे ठरावीक रक्कम वेगळी निघू लागली. ही वसुली कोणत्याही कचेरीच्या हुकमाने होत नव्हती. प्रत्येक पेढीच्या वहीत ती लिहिली जाई आणि वर्षानुवर्षे भरली जाई. लोकांनी मनापासून सकारलेली देणी किती टिकाऊ असतात, याचे हे उदाहरण होय.

माहुल

पांजरापोळेच्या अलीकडे रस्ता खाडीकडे वळला की माहुल येते. मूळचे हे कोळी-आगरी वस्तीचे गाव. शिवडी ते माहुल हा चिखलाचा पट्टा पक्ष्यांच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा मानला जातो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत येथे हजारो रोहित पक्षी उतरतात आणि ओहोटीच्या वेळी किनारा गुलाबी दिसतो. त्या गुलाबी रेषेच्या मागे मात्र धुरांडी आणि टाक्यांची रांग आहे. १९५४-५५ मध्ये येथे परदेशी कंपन्यांचे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि १९७० च्या दशकात ते राष्ट्रीय मालकीचे झाले. जवळच खतांचा कारखाना, औष्णिक वीजकेंद्र आणि रसायने साठविणारी केंद्रे आहेत.

या कारखान्यांच्या कुशीत शासकीय योजनेतून प्रकल्पबाधितांसाठी ७२ इमारती उभारल्या गेल्या. सुमारे १७,२०० घरे, प्रत्येक २२५ चौरस फुटांचे. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशाने हटवताना २०१७ पासून हजारो कुटुंबे येथे आणली गेली. कागदावर हिशेब चोख होता. झोपडीच्या बदल्यात पक्के घर, उद्वाहन, शौचालय. श्वासाचा हिशेब मात्र कोणी मांडला नव्हता. केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत माहुल-आंबापाडा भागातील सुमारे दोन तृतीयांश रहिवाशांनी श्वास लागण्याची तक्रार नोंदविली होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये येथील हवेपासून आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले होते. तरीही घरे वाटली गेली. ८ ऑगस्ट २०१८ रोजी शुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि चाळीसहून अधिक कामगार जखमी झाले. त्याच वर्षी रहिवाशांनी विद्याविहारच्या पदपथावर दीर्घ आंदोलन मांडले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये या कुटुंबांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये यापुढे कोणालाही माहुलला सक्तीने पाठवू नये असे सांगितले. ऑगस्ट २०२० मध्ये हरित न्यायाधिकरणाने येथील चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई निश्चित केली. त्याविरुद्ध अपिलेही झाली.

रिकाम्या राहिलेल्या घरांपैकी नऊ हजारांहून अधिक घरे महानगरपालिकेने २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजार रुपयांत विकत देऊ केली. ज्या मुंबईत तेवढ्या पैशात वाहन उभे करण्याची जागा मिळणे कठीण, तेथे या घरांना प्रतिसाद इतका थोडा आला की अर्जांची मुदत वाढवावी लागली. टांकसाळीच्या छायेत शिकलेला धडा येथे विटा-सिमेंटमध्ये दिसतो. सरकारने छापलेल्या किमतीला लोकांनी सकारले नाही.

गरीब माणूस नव्याला बिचकतो, म्हणून त्याला वरून ढकलावे लागते, असा एक समज सरकारी कचेऱ्यांत आणि सुखवस्तू दिवाणखान्यांत सारखाच आढळतो. मुंबईतील कोणतीही कष्टकऱ्यांची वस्ती हा समज खोटा ठरविते. दहा रुपयांचा चहा, वीस रुपयांची कोथिंबीर, रिक्षाचे भाडे, सारे तेथे मोबाईलवर दिले-घेतले जाते. टपरीवर चौकटीचे चित्र चिकटवलेले असते आणि पैसे आल्याची वर्दी यंत्र मोठ्याने देते. याच माणसांनी माहुलचे घर नाकारले. म्हणजे नकार नव्याला नव्हता. जे उपयोगी आणि निर्धोक वाटले ते त्यांनी एका दिवसात स्वीकारले आणि ज्यात आपल्या मुलांचा श्वास गहाण पडत होता ते पक्के असूनही परत केले. चलनाच्या बाबतीतही हाच विवेक या माणसांकडे आहे, हे नवे चलन सुचविणाऱ्या पुढाऱ्यांनी आधी ओळखावे. भाव एका रात्रीत वीस टक्के घसरू शकतो अशा नाण्यात ज्याची रोजची मजुरी अडकेल त्याचे नुकसान भाषण करणारा भरून देणार नसतो.

श्रावकाचा विवेक

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी मापे वापरणे हा त्यांपैकी एक, राज्याचे नियम डावलून व्यापार करणे हा दुसरा आणि 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे खऱ्याच्या जागी त्यासारखे दिसणारे खपविणे, हा आणखी एक. कूटचलनाचा प्रत्येक व्यवहार या कसोटीवर दोषी ठरतो असे नाही. रीतसर कर भरून, आपल्या मर्यादेत, जाणतेपणाने कोणी तो केला तर कायदा त्याला अडवीत नाही. परंतु गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवून असंख्य लोकांना फसविले गेले आणि पुणे, नांदेडसह अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले, ते प्रतिरूपक व्यवहाराचेच आधुनिक रूप होते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतातील मोठ्या कूटचलन बाजारातून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची मालमत्ता चोरट्यांनी पळविली, तेव्हा ठेवीदारांना कळले की बँकेच्या ठेवीला असलेले विम्याचे कवच तेथे नाही.

हा प्रश्न आता धर्मस्थानांच्या उंबरठ्यावरही येत आहे. मंदिराच्या भांडाराशेजारी यूपीआयची पाटी लागली त्याला बराच काळ लोटला आणि हिशेब अधिक स्वच्छ झाला म्हणून संघांनी तिचे स्वागतच केले. उद्या एखादा उत्साही तरुण कूटचलनात देणगी देऊ इच्छील. विश्वस्तांनी अशा वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ३५ विश्वस्तनिधी कोठे गुंतवावा यावर मर्यादा घालते आणि आयकर कायदाही धर्मादाय संस्थांना ठरवून दिलेल्या प्रकारांतच पैसा ठेवू देतो. कायद्याच्या आधी मात्र शास्त्राची आज्ञा आहे. देवद्रव्य हे कोणाच्या मालकीचे नसते, ते जपावयाचे असते. त्याला जुगाराची छायाही लागता कामा नये. दात्याने आपल्या नावे ते विकावे, कर भरावा आणि रुपयांत देणगी द्यावी, हा सरळ मार्ग त्याला नम्रपणे सुचविता येईल.

आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाच्या पस्तीस गुणांत न्यायाने मिळविलेल्या संपत्तीला पहिले स्थान दिले. घरात नवे चलन येण्याआधी कुटुंबाने एकत्र बसून तीन गोष्टी पाहाव्यात. यामागे वचन कोणाचे आहे? ते बुडाले तर भरपाई कोण देणार? आणि यातून होणाऱ्या लाभाची किंमत दुसरे कोणी, आपल्या कष्टाने किंवा आपल्या श्वासाने, मोजत तर नाही ना? तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. जे पेट्रोल भरून मुंबईकर मुक्तमार्गावरून जातात त्यातील काही माहुलच्या कारखान्यांत शुद्ध झालेले असते आणि त्याचा धूर माहुलच्या मुलांच्या वाट्याला येतो. ज्या समाजाने मुक्या जिवांसाठी आपल्या मालावर लाग लावून घेतली, त्याने माणसांच्या श्वासासाठीही एखादी लाग सकारावी, अशी अपेक्षा अवाजवी ठरू नये. माहुल परिसरातील मुलांची वैद्यकीय तपासणी, दमेकऱ्यांना औषधे, शाळेतील मुलांसाठी पोषक आहार, यांतील कोणतेही काम एखाद्या संघाला पर्युषणाच्या निमित्ताने हाती घेता येईल. त्यासाठी दिलेला पैसा नोटेत असो, मोबाईलवर असो की डिजिटल रुपयात, माहुलच्या घराघरांत तो निश्चित सकारला जाईल.